काट्याचा नायटा : रक्तातले जागले केव्हा हरतात?



‘काट्याचा नायटा झाला’ असं आपण बोलता बोलता म्हणून जातो. भाऊबंदकीतल्या भांडणाला म्हणतो, बांधावरच्या तंट्याला म्हणतो. पण खरोखरच्या काट्याचं काय? बाभळीचा काटा, विळ्याचा घाव, उसाच्या पाचटानं कापलेली पोटरी, खुरप्याची लागलेली बोटाची पेर. शेतात राबणाऱ्या माणसाला यातलं काही नवं नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव जखमा धुऊन, फडकं बांधून बऱ्या होतात. एखादी मात्र होत नाही. तिच्यातून जंतुदोष पुढे सरकतो, सगळ्या शरीराला वेठीला धरतो आणि चार-सहा दिवसांत धडधाकट माणूस हातचा जातो. गावात म्हणतात, ‘रक्तात विष भिनलं.’ डॉक्टर म्हणतात, ‘सेप्सिस झाला.’

हा सेप्सिस काही क्वचित होणारा आजार नव्हे. २०१७ साली जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना तो झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख माणसं त्यात दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. जखमेतून होतो तसाच तो न्यूमोनियातून, मूत्रमार्गाच्या जंतुदोषातून, पोटातल्या आजारातून आणि बाळंतपणातूनही होतो.

आज आपल्याला एकच गोष्ट नीट समजून घ्यायची आहे. आपल्या रक्तात जंतूंशी लढणारे राखणदार असतात. मग सेप्सिसमध्ये ते हरतात कसे? संख्येनं कमी पडतात म्हणून? पुष्कळदा तसं नसतं. ते भांबावतात, वाट चुकतात, म्हणून हरतात. हे एकदा समजलं, की ‘आजची रात्र बघू, सकाळी दवाखान्यात नेऊ’ असं म्हणायला जीभ धजणार नाही.

अंगातले जागले

पूर्वी गावोगाव जागल्या असे. रात्री गस्त घालायची, परका माणूस दिसला की हटकायचं आणि गरज पडली तर हाकाटी करून गाव जागं करायचं, हे त्याचं काम. आपल्या शरीरात हेच काम रक्तातल्या पांढऱ्या पेशी करतात. रक्त तपासून आणलं की कागदावर त्यांचा आकडा लिहिलेला असतो. मोठ्या माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या निम्म्याहून अधिक एकाच जातीच्या असतात. त्यांना न्यूट्रोफिल म्हणतात. जखमेकडे सगळ्यात आधी धाव घेणारे शिपाई हेच. ते फार दिवस जगत नाहीत. म्हणून हाडांच्या मगजात रोज नवे तयार होतात, आणि तेही थोडेथोडके नव्हेत, तर सुमारे १० हजार कोटी!

दुसरी एक जात आहे महाभक्षी पेशींची. त्या रक्तात फिरत बसत नाहीत. कातडीखाली, फुफ्फुसात, यकृतात, जागोजागी त्यांनी ठाणं मांडलेलं असतं. शेतात माळ्यावर बसलेल्या राखणदारासारख्या त्या जागेवरूनच नजर ठेवतात.

या दोन्ही जातींचा एक मोठा गुण आहे. जंतू ओळखीचा असावा लागत नाही. देवीची लस टोचली की शरीर त्या एका रोगाशी लढायला शिकत असे. ते शिकवलेलं बळ. या पेशींचं बळ उपजत असतं. पाखरू कोणतंही असो, कणसावर बसलं की राखणदार गोफण फिरवतोच, तसं.

शोधही काट्यानेच लागला

गंमत अशी, की या पेशींचं काम माणसाला उमगलं तेही एका काट्यामुळेच. १८८२ सालची गोष्ट. एली मेचनिकॉफ नावाचे रशियन प्राणिशास्त्रज्ञ तेव्हा इटलीतल्या सिसिली बेटावर, मेसिना गावी राहत होते. समुद्रातल्या तारामाशाची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे आत काय चाललंय ते सूक्ष्मदर्शकातून दिसतं. मेचनिकॉफ यांनी गुलाबाचे काटे आणले आणि त्या पिल्लांच्या कातडीखाली खुपसले. सकाळी उठून पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! बाहेरून घुसलेल्या परक्या वस्तूला शरीरातल्या पेशी घेरतात आणि गिळू पाहतात, ही गोष्ट त्यांनी जगापुढे मांडली. पुढे १९०८ साली पॉल एरलिश यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

जखमेत काय घडतं?

आता तारामासा सोडून आपल्या शिवारात येऊ. समजा, उसाला पाणी देताना एका गड्याच्या पायात काटा मोडला. अर्धा निघाला, अर्धा आत राहिला. काट्याबरोबर मातीतले जंतू आत शिरले.

कातडीखाली बसलेल्या महाभक्षी पेशींनी जंतूंचं अंग चाचपलं. हे आपल्यातलं नव्हे, हे त्यांना कळलं आणि त्यांनी हाकाटी केली. ही हाकाटी आवाजाची नसते, रसायनांची असते. ती रसायनं आसपास झिरपली की जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांची आतली भिंत चिकट होते. रक्तातून वाहत चाललेले न्यूट्रोफिल तिथे अडखळतात, भिंतीवरून गडगडत जातात, चिकटतात आणि भिंतीच्या सांध्यातून अंग चोरून बाहेर पडतात. मग ते माग काढू लागतात. जिकडे रसायनाचा वास दाट, तिकडे जंतू, हे त्यांना उपजत कळतं. शिकारी कुत्रं सशाचा माग काढतं तसंच हे.

जंतूला गाठलं की न्यूट्रोफिल त्याला गिळतात आणि पोटातल्या जहाल रसायनांनी मारतात. या झटापटीत तेही मरतात. जखमेतला पिवळसर पू म्हणजे बहुतेक या मेलेल्या शिपायांचा ढीग. लढाई संपली की महाभक्षी पेशी तो केर काढतात आणि जखम भरू लागते.

जखम लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. ही सारी त्या लढाईची लक्षणं. लढाई एका जागी चालली आहे, हाकाटी एका जागेवरून येते आहे, तोवर जागल्यांना वाट सापडते.

हाकाटी गावभर झाली तर?

आता त्या गड्याचं पुढे पाहू. त्यानं जखमेवर शेण थापलं, चिंधी बांधली आणि पुन्हा पाण्यात उतरला. तिसऱ्या दिवशी पाय घोट्यापर्यंत सुजला. पोटरीवरून वर चढणारी एक लाल रेघ दिसू लागली. चौथ्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरली. घरच्यांना वाटलं, पाण्यातल्या कामानं थंडीताप आला असेल. दुकानातून तापाची गोळी आणली.

इकडे शरीरात काय झालं होतं? जंतू आणि त्यांच्या अंगची विषं रक्तात उतरली होती. रक्त जाईल तिथे ती गेली. आता एका घरातून नव्हे, गावातल्या प्रत्येक घरातून एकाच वेळी ‘चोर, चोर’ अशी हाकाटी उठली. अशा वेळी जागल्यानं जायचं कुठं? सेप्सिसचं मर्म नेमकं इथं आहे. जंतू घात करतातच, पण जंतूंना दिलेला शरीराचा बेताल जाबही घात करतो. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी सेप्सिसची व्याख्या नव्यानं केली, तीही अशीच : जंतुदोषाला शरीरानं दिलेला जाब बेबंद होऊन अवयव निकामी होऊ लागणे आणि त्यामुळे जिवाला धोका होणे.

या गोंधळात पांढऱ्या पेशींची दैना पाच प्रकारांनी होते.

एक, माग हरवतो. ज्या रसायनाच्या वासावर न्यूट्रोफिल जखमेकडे जातात, ते रसायन आता सगळ्या रक्तात भरलेलं असतं. वास घेणारी जी ‘नाकं’ पेशीच्या अंगावर असतात, ती या भडिमारानं आत ओढली जातात. मिरचीची धुरी दिलेल्या घरात कुत्र्याला सशाचा वास येईल का? तशीच ही गत. जखमेत जंतू माजलेले, रक्तात शिपाई भरपूर, पण शिपाई जखमेपर्यंत पोचत नाहीत.

दोन, वाटेत अडकतात. चेतवलेले न्यूट्रोफिल ताठर आणि चिकट होतात. फुफ्फुसातल्या केसाहून बारीक वाहिन्यांतून जाताना एरवी ते अंग दुमडून सरकतात. आता तिथेच तुंबतात. पाटात पाचट अडकल्यावर पाणी तुंबतं तसा रक्ताचा ओघ अडतो. जंतू मारायची जहाल रसायनं मग आपल्याच फुफ्फुसावर, आपल्याच वाहिन्यांच्या अस्तरावर सांडतात. धाप लागते ती पुष्कळशी यामुळे.

तीन, कोवळी पोरं लढाईवर जातात. मागणी एकदम वाढली की हाडांतला मगज अर्धकच्च्या पेशीही रक्तात सोडतो. मिसरूड न फुटलेल्या पोराला गस्तीवर धाडावं, तसंच हे. जंतूला गिळणं, मारणं या कामात त्या मुरलेल्या पेशींइतक्या तरबेज नसतात.

चार, जाळं आपल्याच पायात येतं. न्यूट्रोफिल मरता मरता आपल्या पोटातले धागे बाहेर फेकून जंतूंभोवती जाळं टाकतात, हे २००४ साली शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं. जखमेत हे जाळं उपयोगी पडतं. रक्तवाहिनीत मात्र त्यावर रक्ताच्या गुठळ्या धरतात आणि मूत्रपिंड, यकृत यांना मिळणारं रक्त तुटू लागतं.

पाच, राखणदार गळून जातात. तास न् तास हाकाटी करून थकलेल्या पेशी पुढे गप्प पडतात. जंतू समोर आला तरी इशारा देत नाहीत. पकडलेल्या जंतूचा तुकडा बाकीच्या सैन्याला दाखवायचं जे निशाण त्यांच्या अंगावर असतं, तेही खाली येतं. शरीर जणू उघड्या दारानं झोपी जातं.

यातल्या पहिल्या चार गोष्टी आधी आणि पाचवी नंतर, असा सरळ क्रम नसतो. एकीकडे आग भडकलेली आणि दुसरीकडे राखणदार झोपलेला, असं दोन्ही एकाच शरीरात, एकाच वेळी चालू असू शकतं. म्हणून ‘ताकद येण्यासाठी एक इंजेक्शन द्या’ या म्हणण्याला अर्थ नाही. भांबावलेल्या पेशींना पुन्हा वाटेला लावणारं खात्रीचं औषध अजून हाती आलेलं नाही. आपल्या हातात आहे ती वेळ.

‘ताप उतरला गं बाई!’

पाचव्या दिवशी पहाटे त्या गड्याचं अंग गार लागलं. म्हातारी सुनेला म्हणाली, ‘ताप उतरला गं बाई, आता निजू दे त्याला.’ सून म्हणाली, ‘पण हे काहीतरी बरळतायत, आत्याबाई. रात्रीपासून लघवीलाही उठले नाहीत.’

मंडळी, इथं सून बरोबर होती. सेप्सिसमध्ये अंग तापतं तसंच कधी कधी गारही पडतं. गार अंग, जोराचा श्वास आणि बरळणं ही तिन्ही एकत्र आली, तर ते बरं होण्याचं लक्षण नव्हे. तो शेवटचा इशारा असू शकतो. रक्ताच्या कागदाचंही असंच आहे. पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर गेल्या तर लढाई पेटली असं समजतात. पण त्या ४,००० च्या खाली गेल्या, तर ‘चला, कमी झाल्या’ म्हणून निर्धास्त होऊ नका. शिपाई खर्ची पडले, असाही त्याचा अर्थ असतो.

ओळखायचं कसं?

जखम, ताप, खोकला, लघवीची जळजळ किंवा नुकतंच झालेलं बाळंतपण असं काही असताना पुढची लक्षणं दिसली, तर सेप्सिसची शंका घ्या :

१) श्वास जोराचा चालतो. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. पडून असलेल्या मोठ्या माणसाचे श्वास २२ किंवा त्याहून अधिक भरले, तर धोका आहे.
२) माणूस बरळतो, माणसं ओळखत नाही, किंवा हाका मारूनही नीट जागा होत नाही.
३) हातपाय गार पडतात. कातडीवर निळसर-जांभळी नक्षी उमटते.
४) लघवी फार कमी होते किंवा दिवसभर होतच नाही.
५) नाडी भरभर चालते. उठून बसवलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.
६) हुडहुडी भरून ताप येतो किंवा अंग एकदम गार पडतं.

ही सगळी दिसेपर्यंत थांबायचं नाही. दोन दिसली तरी गाडी काढा. १०८ क्रमांकाला फोन लावा. प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असेल तर तिथे जा, नाहीतर ग्रामीण रुग्णालय गाठा. रात्र असो, पाऊस असो, कापणी अर्धी राहिलेली असो. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हा सेप्सिस तर नसेल ना?’ जखम कधी झाली, ताप कधी आला, कोणत्या गोळ्या घेतल्या आणि मधुमेह आहे का, या चार गोष्टी सांगा. गोळ्यांची रिकामी पाकिटंही बरोबर न्या.

दवाखान्यात जंतुनाशक औषध शिरेतून देतात. रक्तदाब कोसळला असेल, तर ते औषध तासाभराच्या आत सुरू व्हावं, असं शास्त्र सांगतं. पू साठला असेल तर चिरून काढतात, कारण मुळातली खाण बंद केल्याशिवाय हाकाटी थांबत नाही. सलाईननं रक्तदाब सावरतो, प्राणवायूनं श्वासाला आधार मिळतो. पण नुसतं सलाईन जंतू मारत नाही. ‘एक बाटली लावून घरी आणलं’ म्हणजे उपचार झाला, असं समजू नका. तापाच्या गोळीचंही तेच. ती ताप उतरवते, जंतूला हात लावत नाही.

जखम झाली त्याच दिवशी

सेप्सिस टाळायची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे पहिला तास. जखम वाहत्या स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं चांगली धुवा. काटा दिसत असेल तर स्वच्छ चिमट्यानं काढा. खोल रुतला असेल तर दाभण घालून कोरत बसू नका, दवाखान्यात काढून घ्या. वर धुतलेलं, उन्हात वाळवलेलं फडकं बांधा. शेण, माती, चुना, तंबाखू, राख यांतलं काहीही लावू नका. डब्यातली हळदही नको. ती स्वयंपाकासाठी असते, जंतुरहित नसते.

एक गैरसमज काढून टाकू. काही जण म्हणतात, ‘मी इंजेक्शन घेतलंय, आता भीती नाही.’ ते इंजेक्शन धनुर्वाताचं. ते घ्यायलाच हवं, पण त्यानं फक्त धनुर्वात टळतो. पू करणारे बाकीचे जंतू त्याला जुमानत नाहीत. म्हणून इंजेक्शननंतरही जखमेवर रोज नजर ठेवा. लाली पसरली, लाल रेघ वर चढली, ठणका वाढला किंवा हुडहुडी भरली, की त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कोणाचे जागले आधीच कमजोर असतात?

मधुमेह झालेल्या माणसाच्या रक्तात साखर वाढलेली राहिली, तर न्यूट्रोफिल मंदावतात. त्यातून पायाला बधिरपणा असेल, तर काटा मोडला तरी कळत नाही. अशा माणसानं अनवाणी शेतात जाऊ नये आणि रोज रात्री दिव्याखाली तळवे पाहावेत. म्हातारी माणसं, ओल्या बाळंतिणी आणि कर्करोगाची औषधं घेणारे यांनाही जपायला हवं.

सर्वांत नाजूक म्हणजे तान्हं बाळ. त्याच्या मगजात शिपायांचा साठा थोडा असतो आणि असलेल्या शिपायांना माग काढायची सवय झालेली नसते. म्हणून तान्ह्याला जंतुदोष झाला की तो तासांत फैलावतो. बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, सुस्त पडून राहिलं, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त झाले, छातीला खळगे पडू लागले, तर क्षणभर थांबू नका.

वेळीच ओळखलं तर काय साधतं, हे आपल्या महाराष्ट्रानं जगाला दाखवलं आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच बायांना तान्ह्या बाळांची तपासणी शिकवली. त्या घरोघर जाऊन बाळ पाहत, सेप्सिसची लक्षणं ओळखत आणि गरज पडली तर घरीच जंतुनाशक औषध आणि इंजेक्शन देत. तिसऱ्या वर्षी या गावांतले तान्ह्यांचे मृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी भरले. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज आशाताई घरी येऊन बाळ पाहतात, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे. त्या आल्या की ‘सगळं बरं आहे’ म्हणून दारातूनच परत पाठवू नका. बाळ उघडून दाखवा.

गोठ्यातला सेप्सिस

हाच घात आपल्या गोठ्यातही होतो. पावसाळ्याच्या तोंडाला येणारा घटसर्प हा जनावरांचा सेप्सिसच आहे. त्याचा जंतू एखाद्या निरोगी दिसणाऱ्या जनावराच्याही घशात दडून असतो. पहिला पाऊस, चिखल, उपासमार, लांबची वाटचाल यांनी जनावर खचलं की तो उचल खातो. या जंतूच्या अंगावर निसरडं कवच असतं. पांढऱ्या पेशी त्याला धरू पाहतात, पण तो हातातून मासळीसारखा सटकतो आणि रक्तात भरमसाट वाढतो. जोराचा ताप, गळ्याला सूज, घशात घरघर, आणि पुष्कळदा दिवसभरात खेळ खलास. गाईपेक्षा म्हशीला तो अधिक होतो.

लक्षणं उघड झाल्यावर जनावर वाचणं फार कठीण. म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी लस टोचून घ्या. लसीमुळे रक्तात जी प्रतिद्रव्यं तयार होतात, ती जंतूच्या निसरड्या कवचावर जाऊन चिकटतात. जागल्यांना जणू धरायला मूठ मिळते.

वासराचंही तसंच. ते जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात ही प्रतिद्रव्यं जवळजवळ नसतात. ती आईच्या चिकातून मिळतात. म्हणून जन्मल्यापासून दोन तासांच्या आत त्याला पोटभर चीक पाजा आणि नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. खरवसाची हौस पुढच्या धारेवर भागवा. पहिला चीक वासराचा.

घरी आल्यावर

सेप्सिसमधून वाचलेला माणूस घरी येतो तेव्हा सगळं गाव भेटायला येतं. ही माया खरी, पण जरा आवरती घ्या. थकून झोपलेले राखणदार पुरते जागे व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात. तेवढ्या काळात दुसरा जंतुदोष सहज गाठतो, आणि पहिल्या लढाईतून वाचलेली काही माणसं या दुसऱ्या धाडीत दगावतात. खोकला-पडसं असलेल्यानं लांबूनच विचारपूस करावी. रोग्याजवळ जाण्यापूर्वी हात धुवावेत. डाळ, अंडी, दूध असा अंगी लागेल तो आहार द्यावा. औषधं डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत द्यावीत. पुन्हा ताप आला, तर ‘अशक्तपणाचा असेल’ म्हणून बसू नये.

ध्यानात ठेवा

१) जखम साबणपाण्यानं धुवा, शेण-माती लावू नका.
२) धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, पण त्याच्या भरवशावर जखम विसरू नका.
३) लाल रेघ आणि हुडहुडी दिसली, की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
४) जोराचा श्वास, बरळणं, गार हातपाय, लघवी बंद : यांतली दोन दिसली तरी त्याच घटकेला निघा.
५) ताप उतरला आणि माणूस सुस्तावला, तर निर्धास्त होऊ नका.
६) बरं झाल्यावरही कित्येक आठवडे जपा.
७) पावसाळ्यापूर्वी जनावरांना घटसर्पाची लस टोचा.

आपल्या अंगातले जागले इमानी आहेत. रोज किती काटे, किती घाव ते मुकाट्यानं निस्तरतात, याचा आपल्याला पत्ताही नसतो. पण हाकाटी गावभर झाली की त्यांना एकट्यानं झेपत नाही. तेव्हा त्यांच्या मदतीला धावायचं काम आपलं. काटा पायात आहे तोवरच काढा, त्याचा नायटा होऊ देऊ नका.

रामराम.